भोंगाशेठ हळू बोलतात

"बाबा, हळू!" लेकीनं टेबलाखालून वडिलांचा गुडघा दाबला.

वडिलांनी आवाज उतरवला. बाजारात त्यांना सगळे भोंगाशेठ म्हणत. घरात त्यांनी मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात यायची. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. तिथं नुसतं 'हो' म्हणायचं तरी घसा ताणावा लागतो. पण आज समोर परदेशी शिष्टमंडळ बसलं होतं. त्यांच्याकडे सूत उदंड, इकडे विणणारे हात उदंड. सूत तिकडून यावं, कापड इकडून जावं, असा करार व्हायचा होता. झाला तर चादरी पांघरून झोपलेले माग जागे होणार होते. नाही तर उरलेलेही झोपणार होते.

म्हणून लेकीनं आठवडाभर वडिलांची तालीम घेतली होती. "मोठी माणसं आहेत, बाबा. ओरडलात तर आपल्याला गावंढळ समजतील."

शिष्टमंडळाच्या अध्यक्षा पिकल्या केसांच्या बाई होत्या. शेजारी त्यांची मुलगी अगदी खेटून बसलेली. बाई इतकं हळू बोलत, की दुभाष्याला सारखा कान पुढे करावा लागे. लेकीला वाटलं, याला म्हणतात अदब!

बंद दाराआडून मागांचा आवाज येत होता. मध्येच एका मागाचा ठेका चुकू लागला. वडिलांनी दोनदा तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि दोनदा मूग गिळले.

बाईंनी समोरची फाइल मिटली.

"बाई आभार मानतात," दुभाषी म्हणाला. "पण त्यांना दलालांशी नाही, विणणाऱ्यांशी करार करायचा आहे."

"अहो, आम्ही दलाल कुठले? आम्ही विणतोच की!" लेक म्हणाली.

दुभाष्यानं विचारलं आणि जरा ओशाळून उत्तर सांगितलं, "बाई म्हणतात, इतकं हळू बोलणारा माणूस कधी मागापाशी उभा राहिला असेल, हे पटत नाही."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. आठवडाभराची तालीम तिच्याच अंगावर आली होती. तिनं वडिलांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "बोला."

वडील तीरासारखे उठले. त्यांनी दार उघडलं आणि आठवडाभर कोंडलेला आवाज सोडला, "अरे ए शेवटच्या मागावरच्या! धोटा अडतोय तुझा! माग थांबव आधी!"

टेबलावरचे कप खुळखुळले. पार त्या टोकाचा माग थांबला. मागकऱ्यानं हात वर करून "होऽ शेऽठ" म्हटलं, तेही इथवर ऐकू आलं.

बाई दाराकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आपल्या भाषेत अशी काही गर्जना केली, की खिडकीच्या काचा थरथरल्या. दुभाष्याचे दोन्ही हात कानांवर गेले.

"बाई म्हणतात," तो कसाबसा म्हणाला, "सही इथं नको. तिकडे, मागाजवळ करू!"

बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या मुलीनं त्यांचा दंड धरला आणि काकुळतीनं दोनच शब्द पुटपुटले.

दुभाषी अर्थ सांगायला लेकीकडे वळला.

"राहू द्या," लेक म्हणाली. "हे मला कळलं."