बाहेरचा आवाज

निळा दिवा. दोन बटणं, दोन अंगठे.

गुडघ्याच्या तेलाची बाटली. कुणी मागितली नव्हती.

एक गळका नळ.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढायची यंत्रं सुरू असली की त्या आवाजात माणसं तोंडानं बोलत नाहीत, हातानं बोलतात. बोट गोल फिरवलं की 'चालू कर'.

"तुमचे हे तं कॉलेजच्या पोरावानी दिसतात वो! तुमची कटकट ऐकाचं कामच नाही. मज्जा हाय त्याईची." शेजारच्या अन्नपूर्णाबाई, कुंपणावरून शारदाला.

शारदानं हेडफोनची दोन्ही बटणं दाबून धरली. दिवा भराभर लुकलुकला आणि विझला. न्हाणीघरात नीळकंठच्या अंगावर पाणी पडत होतं. हेडफोनच्या डब्यातल्या कागदावर चित्र होतं, तसंच तिनं केलं. दोन बटणं एकदम दाबली की यंत्र सगळं विसरतं, नव्यासारखं कोरं होतं. तिला तेवढंच पाहिजे होतं. त्यातली गाणी जावीत आणि नवऱ्याचे कान आपल्याला परत मिळावेत.

हेडफोन लेकीनं आणला होता. अर्पिता दिवाळीच्या पाडव्याला पुण्याहून आली आणि बापाला घेऊन गच्चीवर बसली. खाली आली तेव्हा नीळकंठच्या कानांवर हे काळं चढलेलं होतं. तेव्हापासून तो जिनिंगवरून आला की कापसाची धूळ धुवायचा आणि लगेच ते घालायचा. जेवताना तेच, ओट्यावर तेच. नीळकंठ मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये फिटर. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो, असं त्याचं नाव. घरात मात्र तोंडाला कुलूप. आधी निदान कशालाही 'हं' म्हणायचा. आता तेही नाही. डोळे मिटून बसायचा.

मग शारदा एकटीच बोलायला लागली. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर तिची जीभ सैल सुटली. भाकरी थापताना ती तव्याशी बोलायची. गुडघा ठणकतो म्हणायची. माहेरच्या बोरांची आठवण काढायची. नवऱ्याला पोटभर नावं ठेवायची. एकदा तर त्याच्याकडे पाठ करून म्हणाली होती, "हसला की अजूनई बरा दिसते हा माणूस."

नीळकंठ आंघोळ करून आला. हेडफोन घातला. पाटावर बसला आणि थबकला. हेडफोन काढून त्यानं फुंकर मारली. पुन्हा घातला.

शारदा पाठमोरी हसली. "बिघडला वाटते. बरं झालं."

त्यानं वर पाहिलं नाही. तिनं ताटात भाकरी वाढली, ती एका बाजूनं करपली होती. त्यानं ताट बाजूला सरकवलं. उठून तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि तिच्या ओठांकडे बघू लागला. जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं तसं. शारदाचं हसू गेलं.

त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला. "अर्पीले लाव. तूच बोल. मले फोनवर तिचं समजत नाही."

तिनं फोन लावला.

"दिवा लागतो का, आई? चार्जिंग आहे?"

"दिवा लागते. गाणेच बंद झाले त्याईचे."

"कोणती गाणी?"

"कोणती म्हंजे? रात्रंदिवस ऐकतात ते."

"आई, तो हेडफोन बाबांच्या फोनला जोडलेलाच नाही. कधीच नव्हता."

"मंग ऐकतात काय?"

अर्पितानं मग सांगूनच टाकलं.

"बाबांनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. त्याला बारीक माईक आहेत, आई. बाहेरचा आवाज मोठा करून ते कानात सोडतात. मी माझ्या फोनवरून तेवढंच सेट करून दिलं होतं. बाबांना कमी ऐकू येतं. खूपच कमी. कानात मशीन दिसली तर शेठ फिटरचं काम काढून गेटवर बसवेल म्हणाले. हे घातलं की लोकांना वाटतं, हौस आहे."

शारदा ओट्याला टेकली. तेलाची बाटली. एका संध्याकाळी त्यानं रुमालात बांधून आणलेली बोरं. तव्याशी बोललेलं सगळं. आणि ते, पाठ करून म्हटलेलं. तिचे कान तापले.

"पण सेटिंग गेलं कसं?" अर्पितानं विचारलं. "कुणी रिसेट केलं का?"

"गेलं असंन. तू सांग, कोणतं दाबू?"

"डाव्या कानावरचं. एकदाच. तात्पुरतं चालेल, बाकीचं मी आले की बघते."

तिनं फोन ठेवला. त्याच्या कानांवरचा हेडफोन स्वतःच्या हातानं नीट केला. ओल्या केसांची एक बट आत अडकली होती, ती काढली. तो तिच्याकडे बघत होता. त्यानं एक बोट वर केलं आणि जिनिंगमध्ये फिरवतात तसं गोल फिरवलं.

तिनं बटण दाबलं.

त्यानं आधी चुलीकडे पाहिलं, मग तिच्या बांगड्यांकडे. त्याचे खांदे सैल झाले. तो पुन्हा पाटावर जाऊन बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि वाट बघू लागला.

शारदानं तवा उगाच सरकवला.

"काऊन थांबली?" नीळकंठ म्हणाला. "रोज तं बोलते."

स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता आणि वर्षभर शारदा तो दुरुस्त करा म्हणून सांगत होती. तो भाऊबीजेला, हेडफोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुरुस्त झाला होता.