पिरनवाडीची बाई

राजीनाम्यावर सही झाली तेव्हा नगरपालिकेबाहेर फटाके वाजत होते.

नगराध्यक्ष केशवराव अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद मुख्याधिकाऱ्यांपुढे सरकवला. मुख्याधिकारी कानडीत काहीतरी बोलले. अण्णांनी नेहमीसारखं मागं उभ्या असलेल्या कृष्णातकडं पाहिलं.

"कागद आजच वर धाडतो म्हणत्यात," कृष्णातनं सांगितलं.

अकरा वर्षं तो अण्णांची जीप चालवत होता आणि तितकीच वर्षं त्यांचा दुभाषी होता. सीमालढ्यात तीनदा तुरुंगात गेलेला हा पुढारी. 'माझ्या जिभेवर कानडीचं एक अक्षर आलेलं नाही' हे त्यांचं सभेतलं वाक्य. ते आलं की निपाणीकडच्या त्या गावात टाळ्या थांबत नसत.

आज तीच माणसं बाहेर बांगड्या घेऊन उभी होती.

कारण पिरनवाडीची बाई. महिन्यातून दोनदा अध्यक्षांची जीप बेळगावापलीकडं पिरनवाडीला जाते, तिथं भाड्याच्या खोलीत त्यांनी बाई ठेवलीय, हे विरोधातल्या मारुतीरावांनी हुडकून काढलं. आठ दिवसांत गावभर झालं. अण्णांनी नाही म्हटलं नाही. अण्णांच्या पत्नी, विनोदिनीवहिनी, कोल्हापूरला माहेरी निघून गेल्या.

कृष्णातलाही ती खोली लांबूनच ठाऊक. अण्णा त्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवत. दार लोटताना दिसणारा पदर, एवढीच त्याची त्या बाईशी ओळख. अण्णांवर त्याचा जीव होता, म्हणूनच रागही होता. बावन्न वर्षांच्या माणसाला शोभतात का हे थेर?

पायऱ्या उतरताना एक बांगडी अण्णांच्या कपाळावर फुटली. त्यांनी रक्त पुसलंसुद्धा नाही. जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "पिरनवाडीला घे. मारुतीरावाची माणसं टेंपो घेऊन निघाल्यात. तिला भाईर वढायच्या आत पोचाय पायजे."

कृष्णातनं गाडी काढली. चिडलेले लोक असल्या बाईचं काय करतात, हे त्यानं एका बाजारात पाहिलं होतं. तिचे केस भादरले होते आणि तोंडाला डांबर फासलं होतं. तिच्याबरोबरच्या गाडीवानाचाही हात मोडला होता.

संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. अण्णा बोलले ते बेळगाव ओलांडल्यावर. "वाटंत कुणी अडवलं तर मी बोलीन, न्हायतर तू बोल. तिच्या तोंडातनं शब्द भाईर पडता कामा न्हाय. पडला तर मी मेलो समज."

पिरनवाडीत टेंपो अजून पोचला नव्हता. अण्णा आत गेले आणि बाईला दोन्ही हातांवर उचलूनच बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत पदरात गुरफटलेली. दिवसाढवळ्या, साऱ्या गल्लीसमोर! कृष्णातनं तोंड फिरवलं. अण्णा परत आत जाऊन तिचं गाठोडं आणि चपला घेऊन आले. गाठोड्यातून खलबत्त्याचा दांडा डोकावत होता. चपला त्यांनी वाकून स्वतः तिच्या पायांत घातल्या.

पार खुळावलाय हा माणूस, कृष्णात मनात म्हणाला. लाज वाटली त्याला.

"गुंजीच्या ठेसनावर चल. बेळगावात वळखतील. लोंढ्यास्नं पुढं ती धारवाडला जाईल."

मच्छेच्या अलीकडं टेंपोनं त्यांना गाठलं आणि आडवा झाला. पंधरा-वीस जण उतरले. पुढं भरमा, मारुतीरावांचा पैलवान. त्यानं जीपच्या दांडीला धरून आत डोकं घातलं.

"काय गं, नाव काय तुजं? बोल की! आमच्या अध्यक्षास्नी काय खायला घातलंस?"

पदर थरथरू लागला. आतून बारीक हुंकार आला. भरमाचा हात पदराकडं गेला.

अण्णा मध्ये आले. "हात मागं घे भरमा! व्हय, ठेवलीय मी. माजी ठेवलेली बाई हाय ही. राजीनामा दिलाय, गाव सोडतोय. आनि काय पायजे तुमास्नी?"

 कुणीतरी थुंकलं. भरमा हसला. "ऐकलासा न्हवं सगळ्यांनी? सोताच्या तोंडानं बोलला!"

त्यांना हवं ते मिळालं होतं. आता ते गावात जाऊन सांगायची घाई झाली. टेंपो वळला.

इतकं ऐकूनही बाई ढिम्म होती. ना रडली, ना मान खाली घातली. निगरगट्ट दिसतीय, असं कृष्णातला वाटलं. अण्णा मात्र वळून वळून टेंपोकडं बघत होते. "काय बोलली न्हाय न्हवं ती? त्यास्नी काय ऐकू गेलं न्हाय न्हवं?" त्यांनी दोनदा विचारलं.

गुंजीला गाडी उभीच होती. अण्णांनी पुन्हा तिला उचलून डब्यात चढवलं, खिडकीशी बसवलं आणि खाली उतरले. कृष्णातनं गाठोडं वर दिलं. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. शिट्टी झाली.

गाडीनं हिसका दिला तसा बाईचा पदर घसरला. कापसासारखे पांढरे केस. तोंडात एक दात नाही. सत्तरीच्या पुढची म्हातारी. सुरकुतलेला हात तिनं गजातून बाहेर काढला.

"ऊटा माडो, मगा," ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या सवयीनं कृष्णात अण्णांकडं वळला. "जेवून घे रं लेकरा, म्हणत्यात त्या—"

अण्णा बाजूला नव्हतेच. तो हात धरून ते गाडीबरोबर धावत होते, आणि कृष्णातनं कधीच न ऐकलेल्या आवाजात ओरडत होते, "माडतेन, अव्वा! अळब्याड, अव्वा!" जेवतो, आई! रडू नको, आई! हे मराठीत सांगायला कृष्णातजवळ आता कुणी नव्हतं.