बागेतली चुकामूक

शांघायच्या ऐन गजबजाटातल्या त्या जुन्या बागेत, रचलेल्या खडकांच्या भुलभुलैयात मंदाकिनीबाई वाट चुकल्या. सोबत होती लेकीची होणारी चिनी सासू. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि या लग्नाला मंदाकिनीबाईंनी अजून होकारही दिला नव्हता.

फिरून फिरून दोघी पुन्हा त्याच लाल माशांच्या तळ्यापाशी आल्या. तेव्हा चिनी बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, अगदी सांगलीतल्या बाईसारखा! मंदाकिनीबाईंना हसू फुटलं. ते पाहून त्याही हसल्या, आणि मग एकमेकींचे हात धरून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या.

"आई! किती शोधलं तुम्हा दोघींना!" लेक धापा टाकत आली.

"विहीणबाईंबरोबर फिरतेय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तू हो पुढे. आम्ही आणखी एकदा हरवून येतो."