पुरा कोयता

“सांगत का न्हाईत तिला एकदाचं?” लंकाबाई टीव्हीवर करवादली. “अख्ख्या घराला ठाव हाय, अन् ती आपली तुळशीला पानी घालतीय.”

शेजारची रजिया शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मालिकेतल्या नवऱ्यानं शहरात दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं. सासूला कळलं होतं, दिराला कळलं होतं, घरी दूध घालणाऱ्यालाही कळलं होतं. बायकोला तेवढं कळायचं राहिलं होतं, आणि ते दिवाळीपासून राहिलं होतं. लंकाबाईनं पदर डोळ्यांना लावला. रोज या वेळेला ती रडायची. कुणी विचारलं तर सिरियलच तसली हाय म्हणायची.

मधल्या अर्ध्या भिंतीपलीकडं तिची सून जया भाकऱ्या थापत होती. तो थापण्याचा आवाज येत असला की लंकाबाईला बरं वाटायचं.

जाहिरात लागली. साबणाची.

रजियाची पोरगी सुमैरा जामखेडला कॉलेजात होती. ती पुढं सरकली. “आजी, तुमीच सांगा. टीव्हीवरच्या कुठल्या गोष्टीला सोप ऑपेरा म्हणायचं, अन् कुठल्या न्हाई? सरांनी लिहून आणायला सांगितलंय.”

“सोप म्हंजी?”

“साबण. पूर्वी परदेशात साबणाच्या कंपन्या पैसे द्यायच्या असल्या नाटकांना.”

“तरीच उठल्यापासून एकमेकांची धुनी धुत बसत्यात.”

रजिया हसली. “लिही. जी संपत न्हाई ती.”

“आपल्या भागूबाईचं बोलनं तरी कुठं संपतंय, ती काय सिरियल हाय?” लंकाबाई म्हणाली. “जिच्यात बाया झोपताना पन नथ घालत्यात, ती. अन् कुनी एक शब्द बोललं का सगळ्यांची तोंडं तीन-तीनदा दावत्यात, ती.”

“ते झालंच,” सुमैरा म्हणाली. “पण मला वाटतं, एकीपासून काहीतरी लपवलेलं पाहिजे. तिला सांगून टाकलं का सिरियल खलास. म्हणून तर कुणी सांगत न्हाई.”

रजियाच्या हातातली शेंग हातातच राहिली.

लंकाबाईचा मुलगा वाल्मिक दिवाळीनंतर कर्नाटकात ऊसतोडीला गेला होता. जयाचा मणका सरकल्यापासून, म्हणजे गेल्या सालापासून, तो एकटाच जायचा. रजियाचा नवरा लालमहंमद कांद्याचा टेम्पो घेऊन तिकडं गेला, तेव्हा त्याला फडावर वाल्मिकच्या कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, एक बाई केस विंचरताना दिसली. वाल्मिक तिच्या शेजारी चहा पीत होता. लालमहंमदनं ते रजियाला सांगितलं, रजियानं लंकाबाईला. तिथून पुढं गोष्ट हलली नाही. जयाला कळू द्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं होतं. कळलं तर ती माहेरी निघून जाईल, आणि घरात आपण आणि हा टीव्ही उरू, एवढंच लंकाबाईला दिसत होतं.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

“तिला ठाव नसंल कशावरून?” जया आतून म्हणाली.

लंकाबाई घाईनं बोलली. “वाल्मिकचा फोन आल्ता दुपारी. ऊस अजून उभा हाय म्हनला. पाडव्याला यायचं काय जमायचं न्हाई. यंदा पुरा कोयता हाय ना त्याचा, मुकादम सोडीत न्हाई.”

बोलली, आणि तिनं जीभ चावली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. हे त्या आळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि लंकाबाईचा तर निम्मा जन्म पुऱ्या कोयत्यात गेला होता.

“लागली बघा,” रजिया म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

पडद्यावरची बायको सासूला विचारत होती, काय लपवताय माझ्यापासून. सासूचं तोंड एकदा दिसलं, दोनदा दिसलं, तिसऱ्यांदा अगदी जवळून दिसलं. ढोल वाजले. उरलेलं उद्यावर गेलं.

जया दूध-भाकरी घेऊन बाहेर आली. तिनं टीव्ही बंद केला. भिंतीला हात टेकवत, कंबर सांभाळत लंकाबाईपुढं बसली आणि रोजच्यासारखी तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करू लागली. लंकाबाईला दात नव्हते.

“गेल्या साली अर्धा कोयता हुता,” ती म्हणाली. “तवा फोन मला यायचा.”

“अगं जया, त्याचं काय हाय...”

जयानं शेवटचा कडक काठ बोटांनी दाबून मऊ केला आणि ताटली पुढं सरकवली.

“त्यांनी दुसरी केली, आत्याबाई. आता टीव्हीच्या आडून रडत जाऊ नका.”