सहा बाटल्या

"ही नाही," नाकसाहेब म्हणाले आणि पहिला ग्लास त्यांनी बेसिनमध्ये उपडा केला.

सुनेने नळ सोडून फेस वाहून जाऊ दिला आणि कागदात गुंडाळलेली दुसरी बाटली पुढे ओढली.

सकाळचे अकरा वाजले होते. चव घ्यायची ती याच वेळी, जीभ ताजी असताना, हा नाकसाहेबांचा चाळीस वर्षांचा नेम. निवृत्त होईपर्यंत ते एका मोठ्या बिअर कारखान्यात चव पाहणारे होते, आणि सुट्टीला घरी स्वतःही थोडी बिअर बनवत. नाकसाहेब हे नाव कामगारांनी ठेवलेलं. कारण त्यांचं नाक कधी चुकत नसे, आणि त्या नाकावर ते माशीही बसू देत नसत.

जिभेला मात्र हाड नव्हतं. मुलाने पहिल्यांदा स्वतःची गडद बिअर बनवली तेव्हा चार पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, "रंग तेवढा काळा जमलाय." पाहुणे हसले. मुलगा हसला नाही. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन घराबाहेर पडला आणि दोन रस्ते पलीकडे, या गाळ्यात, त्याने स्वतःची छोटी ब्रुअरी काढली. बारा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. आधी समोरचा येईल, असं दोघांनाही वाटत राहिलं. मग मुलगा आजारी पडला, आणि दीड महिन्यापूर्वी गेला.

काल सुनेचा फोन आला. मुलाने शेवटच्या दिवसांत सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर आकडे घालून ठेवल्या होत्या. सोबत एक बंद पाकीट. यातली एक माझी आहे, बाबांना सगळ्या चाखायला दे, त्यांनी ओळखली की पाकीट उघडा, एवढंच तो सांगून गेला होता. कोणती त्याची, ते सुनेलाही माहीत नव्हतं.

माफी मागायची वेळ तर गेलीच होती. निदान पोराच्या हातची चव ओळखावी, एवढं एकच आता नाकसाहेबांच्या हाती उरलं होतं. तेही जमलं नाही तर कोणत्या तोंडाने हिच्यासमोर बसायचं, ही धास्ती घेऊन ते आले होते.

बाटल्या लहान होत्या, जेमतेम ग्लासभर. तळाचा गाळ ढवळू नये म्हणून सुनेने दुसरी बाटली एका दमात ओतली. नाकसाहेबांनी ग्लास तळहातात धरून जरा कोमट होऊ दिला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला.

"हात शिकलेला आहे," ते म्हणाले. "पण भिडस्त आहे. जिभेवर येते आणि मागे सरते. दुसऱ्याची नक्कल होऊ नये म्हणून इतका जपलाय, की स्वतःचं काही घालायलाच विसरलाय."

"एवढ्या लवकर कळलं?"

"एका घोटात नाही कळलं तर शंभर घोटांत कळत नाही, सूनबाई."

ग्लास बेसिनमध्ये रिकामा झाला. बाद झालेली बिअर समोर ठेवायची नाही, तिचा वास पुढच्या चवीत शिरतो, ही कारखान्यातली शिस्त. सुनेने ग्लास धुऊन पुसला.

तिसरी जोरकस होती, पण नुसतीच जोरकस. घशाखाली आग, वर काही नाही. चौथी कॉफीसारखी कडू. "हा गडी भाजलेले जव घालताना मोजत नाही," असं म्हणून त्यांनी तिलाही निरोप दिला. सुनेला किंचित हसू आलं. ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

पाचवा ग्लास नाकाशी नेला आणि नाकसाहेब थांबले.

जळक्या साखरेचा वास. खजूर, मनुका, जुनं लाकूड. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. साखर काळी पडायच्या आत, नेमक्या त्या क्षणी विस्तवावरून उतरवायची, ही त्यांची स्वतःची खुबी होती. ती त्यांनी फक्त एकाला शिकवली होती.

"हीच," ते म्हणाले.

"नक्की, बाबा?"

"माझंच आहे गं सगळं. माझी साखर, माझा हात. बारा वर्षं तोंड पाहिलं नाही माझं, पण शिकवलेलं टाकलं नाही त्याने." त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. छातीत ऊब उतरत गेली. "आणि माझ्यापेक्षा सरस केलीय. मी कधी अशी केली नाही. माझी अशी कधी मुरलीच नाही."

सुनेने डोळ्यांना पदर लावला. "एवढंच ऐकायचं होतं त्याला तुमच्या तोंडून."

"मग ऐक म्हणावं." मुलाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांनी ग्लास वर केला. "चुकलो रे, पोरा."

शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी ती संपवली. सहाव्या बाटलीला हात लावायची गरज नव्हती. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. सुनेने पाकीट फोडलं, पण अक्षर पाहूनच तिचे डोळे भरले, म्हणून कागद तिने त्यांच्याकडे दिला. नाकसाहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"बाबा, एक, तीन, चार आणि सहा बाजारातल्या आहेत. पाच नंबरची तुमची. घर सोडताना तुमच्या कपाटातून चोरून आणली होती, पण बारा वर्षं उघडायचा धीर झाला नाही. दोन नंबरची माझी. एवढी एकच उरली आहे, सावकाश प्या."