मागच्यांना वाट

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गोल्फच्या मैदानावर माझी गोगलगाय झाली. मागचे खेळाडू ओरडायचे, "काका, इथंच मुक्काम आहे का?" शेवटी मी क्लब सोडायला निघालो, तर आमचे व्याही हटून बसले.

"तुम्ही सोडलंत तर मीही सोडणार! ज्यांना घाई आहे त्यांनी बस पकडावी."

लेकीच्या सासऱ्यात असा जिवाभावाचा मित्र मिळायला नशीब लागतं.

(जरा थांबा, टेकतो. हं, चला.)

आज सकाळी त्यांचा फोन आला. "कंबर धरलीय हो. आज एकटेच खेळून या."

गेलो. तिसऱ्या होलवरच मागून चौघांची टोळी येऊन थडकली. हळू खेळणाऱ्याने बाजूला होऊन मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं, हा क्लबचा रिवाज. मी झाडाखाली सरकलो आणि हात केला. तिघं तरुण "थँक्यू, काका" म्हणत झपाझप पुढे गेले.



चौथे आमचे व्याही होते. टोपी नाकापर्यंत ओढून, माझ्याकडे न बघता तेही म्हणाले, "थँक्यू, काका."