सायकल नसलेला शिपाई

"लागेल ते मागाहून देता येतं गं," देवदत्तने मंगळवारी शाल्मलीला सुनावलं होतं. दोघं वाचनालयासाठी लिहीत असलेल्या प्रोग्राममध्ये स्मरणपत्रं धाडणारा घटक, म्हणजे ऑब्जेक्ट, तयार होतानाच मेल पाठवणारा मेलर त्याच्या हाती द्यावा, असा त्या नवख्या पोरीचा आग्रह. देवदत्तने पंधरा वर्षांचा अनुभव पुढे केला आणि लागेल ते मागाहून पुरवणाऱ्या आपल्या लाडक्या सेटर फंक्शनवरच काम सोपवलं: आधी ऑब्जेक्ट घडू दे, मेलर सवडीने देऊ.

आज वाचनालयाच्या सभागृहात, पन्नास सभासदांसमोर त्याने ऐटीत बटण दाबलं. पुस्तकं थकवणाऱ्यांना स्मरणपत्रं जायची होती. एकही गेलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं तेवढी उमटली.

"नेटचा घोळ असणार," असं पुटपुटत त्याने घामाघूम होऊन कोड उघडला. चाचण्यांमध्ये खोटा मेलर त्याने आठवणीने दिला होता, म्हणून त्या सगळ्या पास झाल्या होत्या. खरा मेलर देणारी एक ओळ मात्र तो लिहायलाच विसरला होता. त्याने ते कबूल केलं.

"म्हणजे शिपाई नेमलात, पण त्याला सायकलच दिली नाहीत?" ग्रंथपाल रेगेबाईंनी विचारलं.

"अगदी तसंच! पण आता नियमच करतो बाई. सायकल हाती असल्याशिवाय शिपाई कामावर रुजूच होणार नाही."

"इतकं सोपं? मग हे तुमच्यात आधी कुणालाच कसं सुचलं नाही?"

शाल्मली छताचा पंखा न्याहाळू लागली. पंधरा वर्षांचा अनुभव टेबलाखाली पायाने चप्पल शोधू लागला.